बाई एकटी पडू नये म्हणून

वाशीम जिल्ह्यात मी याआधी कधी गेलो नव्हतो, आणि सुमतीताईंचा घसा बिघडला नसता तर गेलोही नसतो. मी पेटी वाजवतो. ताई ख्याल गातात. गेली तीसेक वर्षं त्या जिकडे जातील तिकडे मी पेटी उचलून जातो. पेटीवाल्याला भूगोल कळतो तो असा, गाणाऱ्याच्या मर्जीनं. त्यामुळे मला इंदूर, धारवाड आणि कोलकाता ठाऊक आहे, पण आपल्याच राज्यातलं मेडशी नकाशावर शोधावं लागलं.

ताईंना मंचावर हसताना कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या गुरूंनाही कुणी पाहिलं नव्हतं, आणि गुरूंचे गुरू तर फोटोतसुद्धा रागावलेले आहेत. पुण्यात एकदा पहिल्या रांगेत वेफर्सची पुडी वाजली म्हणून ताईंनी मारवा मध्येच थांबवला आणि त्या गृहस्थाकडे बघत बसल्या. गृहस्थही धीराचे. त्यांनी सगळ्यांसमक्ष पुडी संपवली, घडी घालून खिशात ठेवली, मग मारवा पुढे सुरू झाला. गाणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही असं ताईंचं मत आहे. माझं वेगळं मत असून उपयोग नाही, कारण मी संगत करतो.

तर घसा. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आवाज हळूहळू परत आला. फक्त वरचा षड्ज येताना कधी सरळ येई आणि कधी मध्येच चिरके. कधी काय होईल हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. डॉक्टर म्हणाले, आता घशात काही दोष नाही, गा. ताई घरात गायच्या, लोकांसमोर नाही. दर वर्षी मेडशीच्या वानखडे सरांचा फोन यायचा आणि दर वर्षी ताई नाही म्हणायच्या. या वर्षी हो म्हणाल्या. का, ते मला गाडीत भुसावळच्या पुढे कळलं.

"तिथे मला कुणी ओळखत नाही दिगंबर," त्या म्हणाल्या. "षड्ज लागला तर परत येऊन पुण्यात गाईन. लोकांसमोर चिरकला, तर गाणं बंद. तानपुरे वर्गातल्या मुलींना देऊन टाकणार. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

मी बरं म्हणालो. ताईंना बरं म्हणण्याची मला सवय आहे. खिडकीबाहेर बघताना मनात पहिला विचार आला तो स्वतःचाच, की या वयात मला आता दुसरं कोण विचारणार. दुसरा विचार त्याहून वाईट होता. ताई गात नाहीत असं पुणं मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

अकोला ते मेडशी

अकोल्याला उतरवून घ्यायला सलीमभाई आले होते. मालेगावात त्यांचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, आणि कार्यक्रमाचा माईक त्यांचाच. हे मालेगाव वाशीमच्या वाटेवरचं, नाशिककडचं नव्हे. तिथले लोक हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. सलीमभाईंनी जीपची मधली आडवी सीट तानपुऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती. दोन्ही तानपुरे एकाशेजारी एक निजवले, वर गोधडी घातली, आणि धक्का बसू नये म्हणून भोपळ्यांखाली उशी दिली. ताई शेजारच्या कोपऱ्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसल्या. कार्यक्रम होईपर्यंत त्यांचं मौन होतं. मी आणि तबल्याचा मनोहर मागे, पेटी मांडीवर.

पातूरच्या पुढे घाट संपल्यावर चहाला थांबलो. दुतर्फा तुरीची शेतं शेंगांनी वाकली होती आणि उन्हाला थंडीचा चांगला गोडवा होता. चहावाला ग्लास घेऊन जीपपाशी आला, आत डोकावला आणि आवाज एकदम खाली आणून सलीमभाईंना म्हणाला, "अकोल्याहून आणून राह्यले का?"

"हो ना."

"काय म्हनले डॉक्टर? घरी न्या म्हनले?"

इकडची माणसं मोठ्या दुखण्याला अकोल्याला नेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नेताना उशी-गोधडी असते. परत आणतानाही उशी-गोधडी असली, की समजणारा समजतो. सलीमभाई म्हणाले, "अरे भाऊ, तंबोरा आहे तो. बाजा." चहावाल्यानं मान डोलावली, पण ती मनुष्य दुःखात काहीही बोलतो अशा अर्थानं डोलावली. मग त्यानं ताईंकडे पाहून हात जोडले. ताईंनीही गंभीरपणे नमस्कार केला. मौनात दुसरं काही करताही येत नाही.

मनोहर मागून हळूच म्हणाला, "एवढी सहानुभूती आपल्याला पुण्यात कधी मिळाली होती?" मी त्याला गप्प केलं. माझ्या मनात मात्र ते "घरी न्या" म्हटलेलं पुढचे पाच-सहा मैल घोळत राहिलं.

मेडशी

वानखडे सर गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले, उंच, किरकोळ, कपाळावर कायम काळजी. तरुणपणी अकोल्यात त्यांनी ताईंची तोडी ऐकली होती आणि तेव्हापासून ती तोडी गावाला ऐकवायचीच असं त्यांनी मनात धरलं होतं. अशी माणसं अजून आहेत म्हणून आमचं बरं चाललं आहे.

ताईंना तिखट चालत नाही हे मी फोनवर चारदा सांगितलं होतं. दुपारी ताटात वांग्याची भाजी आली. तिचा रंग पाहूनच मला घाम आला. मी सरांच्या बायकोला विचारलं, तेव्हा त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तिखट टाकलंच नाही भाऊ. हे त नुसतं रंगापुरतं हाय. तिखट वेगळं ठेवलं, पायजे त घ्या." आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा टाकतात आणि तिला तिखट म्हणतात, इकडे रंगापुरतं म्हणजे काय ते पहिल्या घासाला कळलं. ताईंनी दह्याशी दोन भाकरी खाल्ल्या. मी भाजी खाल्ली आणि त्यानंतर बराच वेळ माझंही मौन होतं.

ताईंचं मौन मात्र गावानं फार मनावर घेतलं. दुपारी बायका भेटायला आल्या. पुढे होत्या पारबताबाई, बायकांच्या भजनी मंडळाच्या म्होरक्या. साठी ओलांडलेली, शेतात राबून रापलेली बाई, आणि आवाज असा की समोरच्याला माईक लावल्यासारखं वाटावं. त्यांनी तुरीच्या उकडलेल्या शेंगांची परात ताईंपुढे ठेवली.

"बाईचं मौन हाय म्हनते. कोन्या देवाचं हाय जी?"

ताईंनी बोटानं गळा दाखवला.

पारबताबाईंनी क्षणभर विचार केला आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "महादेवाचं हाय वं. नीळकंठाचं." बायकांनी हात जोडले. तासाभरात दोन नारळ आणि एक बेलाची जुडी आली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं ते मी समजावून सांगावं म्हणून, हे मला कळत होतं. पण नारळ चांगले होते, आणि खरं कारण सांगायला माझी जीभ रेटेना.

संध्याकाळी सर मला सभामंडपात भजन ऐकायला घेऊन गेले. तिथली रीत अशी, की एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्या सगळ्यांनी तीच ओळ त्याच्यामागून म्हणायची. रीत आपल्याकडेही आहे, पण आपल्याकडे मागचे लोक दमतात, गप्पा मारतात, चहाला उठतात. इथे लहानथोर एकूण एक माणूस म्हणतो. एक म्हातारेबुवा उभे राहिले. त्यांनी चाल भलतीकडेच नेली, तर सगळे निमूट तिकडे गेले.

"चुकली ना ओळ?" मी पारबताबाईंना विचारलं.

"चुकली त चुकली. बुवा जसं म्हनते तसंच म्हनाव लागते. आपलं शहानपन नाही दाखवाचं. अन् काही झालं तरी म्हननाऱ्याले एकटं पडू द्याचं नाही. तो तिथं उभा, अन् आपुन तोंड पाहत बसाचं? लय वाईट दिसते."

सरांच्या कपाळावरची काळजी तेव्हा मला समजली. गेला महिनाभर ते गावाकडून गप्प बसण्याची तालीम करून घेत होते. रोज दिवेलागणीला मोबाईलवर एक ख्याल लावायचे, आणि तो संपेपर्यंत सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. गाण्याची तालीम मी जन्मभर पाहिली, ऐकण्याची प्रथमच पाहिली. "सुरुवातीला जड गेलं," सर म्हणाले, "पण आता पाऊण तास हूं की चूं करत नाहीत. तुम्ही निर्धास्त राहा."

मी निर्धास्त राहिलो.

मालेगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर मधल्या सप्तकाचा पंचम एकदा दाबला की वर येईना. प्रवासाची धूळ. सलीमभाई मला मालेगावला त्यांच्या दुकानात घेऊन गेले. तिथे त्यांच्या चुलतभावाचं शिलाई मशिन दुरुस्तीचं टेबल आहे. त्यानं पट्टी काढली, फुंकर मारली, मशिनच्या तेलाची कुपी उचलली. मी ओरडलो. त्यानं शांतपणे कुपी खाली ठेवली आणि म्हणाला, "ठीक आहे चाचा, बिना तेलाचं बी होते." पंचम सुटला. तो आता माझ्या पेटीतला सगळ्यात हलका स्वर आहे आणि नुसत्या धाकानं वाजतो.

सलीमभाईंना दुसरीच चिंता होती. त्यांनी मला समोर बसवून चहा दिला आणि मुद्द्यावर आले.

"सर म्हनून राह्यले, बाईच्या गाण्याले इको नाही लावाचा. खरं आहे का?"

"खरं आहे."

"थोडासा?"

"अजिबात नाही."

सलीमभाईंकडे इकोची नवीन मशिन आली होती. लग्न, भजन, उरूस, प्रचारसभा, सगळीकडे ती लावतात. माणूस एकदा "नमस्कार" म्हणाला की चारदा ऐकू येतो. "पाहा मास्तर," ते म्हणाले, "एवढ्या दुरून बाई आल्या. आवाज एकदाच जाईन अन् खतम. लोकायले वाटंन सलीमनं मशिनच खराब आणली. माझी इज्जत काय राहील?"

मी त्यांना सांगितलं की ताईंना एका आवाजाचीच काळजी पुरेशी आहे. आणि मग, का कोण जाणे, गाठ, ऑपरेशन, वरचा षड्ज आणि भुसावळच्या पुढे झालेलं बोलणं हे सगळं त्या दुकानात स्पीकरच्या खोक्यावर बसून मी बोलून टाकलं. पुण्यात हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सलीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "नाही लावत," ते म्हणाले. "वायरच काढून ठेवतो. अल्ला करंन सगळं बराबर होईन."

सभामंडपात, सकाळी

मैफल तिसऱ्या दिवशी सकाळची ठेवली होती, कारण तोडी सकाळची. ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं आणि वर माकडांची ये-जा चालू होती. माणसं कानटोप्या, शाली घेऊन आलेली, बायका एका बाजूला, पुढे पारबताबाई. सरांनी माईकवर पुस्तकी मराठीत सांगितलं की शास्त्रीय संगीत ही साधना असून ती शांतपणे श्रवण करायची असते. मग माईकवर हात ठेवून आपल्या भाषेत म्हणाले, "मधात कोनी तोंड उघडलं त याद राखा." सगळ्यांनी माना हलवल्या.

एक तानपुरा ताईंनी स्वतः घेतला होता, दुसरा छेडायला गावातली एक मुलगी बसवली होती. ताईंनी षड्ज लावला. दोन दिवसांच्या मौनानंतरचा तो पहिला आवाज, भरीव आणि जागेवर. मला जरा हायसं वाटलं. विलंबित एकतालात तोडीचा ख्याल सुरू झाला. विलंबित म्हणजे इतकं विलंबित, की मनोहरच्या दोन ठोक्यांत माणसाचं चपला घालून होतं. मागून कुणीतरी उठलं आणि मनोहरपुढे चहाचा कप ठेवून गेलं. तबलेवाल्याला झोप लागत असावी असा सगळ्यांचा समज झाला होता. पण शांतता मात्र चोख होती. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. सर माझ्याकडे पाहून समाधानानं हसले.

मला पारबताबाई समोरच दिसत होत्या. ताई मुखडा, म्हणजे ख्यालाची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर आल्या की त्या अस्वस्थ व्हायच्या. शेजारणीकडे बघायच्या, पदर सारखा करायच्या, पुन्हा ताईंकडे बघायच्या, एखादी बाई एकटीच भरलं पोतं उचलत असताना बघावं तसं. चार-पाच आवर्तनं त्यांनी सोसलं. मग ताई समेवर आल्या आणि त्यांच्यामागून पारबताबाईंनी तोच मुखडा म्हटला. त्यांच्यामागून अख्ख्या मंडपानं म्हटला.

तोडीचा गंधार आमच्या वर्गातल्या मुलांना दोन-दोन वर्षं सापडत नाही. मेडशीकरांना तो सापडला असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी तो मनापासून आणि सगळ्यांनी मिळून शोधला, एवढं खरं.

ताईंचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. डोळे न उघडता त्यांनी सलीमभाईंच्या दिशेनं हात करून बोटं फिरवली: बंद करा. सलीमभाई घाबरले आणि दोन्ही हात वर करून दाखवले, पण मिटल्या डोळ्यांना ते दिसणार कसे? पुढचं आवर्तन. मुखडा. मागून पुन्हा सगळा मंडप. आता ताईंनी गाणं थांबवलं आणि माईकवर करड्या आवाजात म्हणाल्या, "इको बंद करा."

सलीमभाई उठून उभे राहिले. काढून ठेवलेली वायर त्यांनी पिशवीतून काढली आणि सगळ्या मंडपाला दिसेल अशी हातात वर धरली. "खुदा कसम बाई, बंदच आहे! हे पाहा!"

ताईंनी डोळे उघडले. समोर सगळं गाव तोंड अर्धवट उघडून पुढच्या ओळीची वाट बघत होतं.

सर एव्हाना उभे राहिले होते. "पारबताबाई! काय सांगतलं होतं म्या?"

"सर, बाई एकटीच म्हनून राह्यली कवाची. कोनी तिच्या मांगं नाही. पावनी बाई हाय ते, तिले असं एकटं पाडाचं? बरं दिसते का?"

"तालमीत तर महिनाभर गप्प बसले होते सारे!"

"तालमीत मोबाईल होता. मोबाईलले काय, एकटा पडला तरी त्याले काय वाटते?"

सर खाली बसले. मी पट्ट्यांकडे बघत बसलो आणि वेफर्सची पुडी आठवली. ताई आता उठणार, यात मला शंका नव्हती. आणि मग मला दुसरीच गोष्ट सुचली. उठायला याहून चांगलं कारण त्यांना मिळणार नव्हतं. श्रोत्यांनी गाऊ दिलं नाही म्हणून त्या मानानं परत जाऊ शकत होत्या. वरच्या षड्जापर्यंत जायची वेळच आली नसती. आज नाही, आणि मग बहुधा कधीच नाही. ताईंनाही ते सुचलेलं मला दिसलं. त्यांनी तानपुरा जरा खाली घेतला, पारबताबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मग तानपुरा पुन्हा खांद्याला लावला. "म्हणा," त्या म्हणाल्या.

आणि ते म्हणू लागले. मुखडा म्हटला, आलाप जमेल तेवढा म्हटला, तान आली तेव्हा तिच्यामागून तीस-चाळीस वेगवेगळ्या ताना निघाल्या आणि ज्याची जिथे संपली तिथे तो थांबला. मनोहरनं कधी नव्हे ते मान खाली घातली; त्याचे खांदे हलत होते. ताईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण त्या पुढे जात होत्या. निषादावर आल्या, तिथे रेंगाळल्या. मी पेटीवर वरचा षड्ज धरला आणि देवाचं नाव घेतलं. असं मी सहसा करत नाही.

ताईंनी वरचा षड्ज लावला आणि तो चिरकला.

थोडासा नाही, चांगला उभा चिरकला. माईकवर, स्वच्छ, एकदाच. ताईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं. भुसावळच्या पुढे ठरलं होतं ते झालं.

आणि तेवढ्यात सगळ्या मंडपानं तो षड्ज म्हटला. जसा आला तसा, आपलं शहाणपण न दाखवता. सरळ सुरुवात केली आणि बरोबर मध्यावर सगळे चिरकले. बायका चिरकल्या, कानटोपीवाले चिरकले, म्हातारेबुवा तर इतके मनापासून चिरकले की त्यांना ठसका लागला. पारबताबाईंनी ती जागा हात वर नेऊन, मनगटाला झटका देऊन दाखवली, कारण मागच्या रांगेत काहींची चुकली होती. पत्र्यावरची माकडं पळाली. कुणीही हसलं नाही. सगळे ताईंकडे पाहत होते, बरोबर आलं का म्हणून.

ताई हसल्या. आधी नुसता श्वास फुटला, मग त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. तीस वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मोठं, मोकळं, गावातल्या बाईसारखं हसणं. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी तेही म्हणून घेतलं.

डोळे पुसून ताईंनी पुन्हा षड्ज लावला आणि या वेळी मुद्दाम चिरकवला. मंडप चिरकला. त्यांनी दोनदा चिरकवला. मंडपानं दोनदा. त्यांनी चिरकत चिरकत खाली उतरून दाखवलं, तोडीच्या स्वरांनी, एकही पायरी न चुकवता. मंडप गडगडत खाली आला. आमच्या घराण्यात ही जागा नाही. मनोहरला आता रडू येतंय की हसू हे कळत नव्हतं. मी भाता हलवत राहिलो, एवढंच माझ्याच्यानं होत होतं.

आणि मग, त्या हसण्याच्या ओघातच, ताईंनी काही न ठरवता तोच षड्ज पुन्हा घेतला. तो सरळ आला. त्या थबकल्या नाहीत. धरून राहिल्या. तो वाढत गेला, मंडपात भरला, उन्हात बाहेर गेला, आणि त्यांचा श्वास पुरेपर्यंत तसाच राहिला. मी पेटीवरचा हात काढून घेतला. त्याला पेटीची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

त्या थांबल्या आणि त्यांनी मंडपाकडे पाहिलं, आता तुम्ही म्हणून. मंडपातून काही आलं नाही. तानपुरे वाजत होते तेवढेच. ताईंनी थोडी वाट पाहिली आणि मग ख्याल पुढे नेला.

पंगत

पुण्यात मैफलीनंतर लोक येऊन आज निषाद काय लागला असं सांगतात आणि आपण किती ओळखलं ते दाखवतात. मेडशीत कुणी काही सांगितलं नाही. थेट जेवायला बसवलं. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, आणि वांग्याची तीच भाजी, रंगापुरती. सलीमभाई बादली घेऊन वरण वाढत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "आयकलं ना? बिना इकोचं होतं सगळं."

पारबताबाई रोडगे वाढत ताईंपाशी आल्या. ताईंनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं.

"एक विचारू का? सगळं म्हटलंत. माझं चुकलेलंही म्हटलंत. मग तो शेवटचा वरचा का नाही म्हटलात? मी थांबले होते."

पारबताबाई ओशाळल्या. पदराला हात पुसत त्यांनी मागे बाकीच्या बायकांकडे पाहिलं.

"म्हननारच होतो ना बाई. तोंडं उघडली होती सगळ्यायनं. आवाजच नाही निघाला कोनाचा."

ताईंनी पारबताबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाही. येतो परत."